हक्कसोड

दादा गेला तेव्हा ऊसतोडीचा हंगाम संपायचा होता. आष्टी तालुक्यातली निम्मी माणसं कारखान्यांवर, त्यामुळे शवपेटी उचलायला उरले ते बहुतेक म्हातारेच. त्यातल्या एकाने दफनभूमीच्या वाटेवर हळूच विचारलं, "ताई, बोलणं झालं होतं ना तुमचं?"

झालं होतं.

भांडण जमिनीचं. जमीन कोरडवाहू, पावसाने मनावर घेतलं तर बाजरी-तूर. वडील वारले आणि फेरफाराच्या वेळी दादाने हक्कसोडपत्र पुढे केलं. बहिणीने सही करायची, साडी घ्यायची आणि माहेर टिकवायचं, ही आमच्याकडची रीत. ख्रिस्ती घरंही तिच्यातून सुटलेली नाहीत. खरं तर आम्हाला 1925चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू; मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी सारखे वाटेकरी. मी सही केली नाही. दादाने माझ्या घरी येणं सोडलं.

मंडळीत जो तो मला पेत्राची गोष्ट ऐकवायचा, भावाला सत्तर वेळा सात क्षमा करायला येशू सांगतो ती. ऐकवणाऱ्यांच्या मनात क्षमा म्हणजे सहीच असायची. दादाला कुणी काही ऐकवल्याचं माझ्या कानावर नाही. मला मात्र मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली अट जास्त अवघड वाटते. भावाच्या मनात आपल्याविषयी काही सलतंय असं आठवलं, की अर्पण वेदीपाशीच सोडून आधी त्याला गाठायचं. चूक कोणाची, हे तिथे विचारलेलंच नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला भावांची ताटातूट नवी नाही. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहिला होता. वडिलांनी कोर्टात जाऊन त्याला परत मिळवलं. मग पोराला जातीत घ्यायचं की नाही यावर वादळ उठलं, आणि बाळशास्त्री जांभेकर त्याला घ्यावं म्हणून उभे राहिले. नारायणराव पुढे जालन्याकडे आले, तिथे त्यांनी बेथेल वसवलं. त्या दोघांच्या मध्ये कोर्ट, जात आणि देव असे तिघे आले होते. आमच्या मध्ये एक बांध होता.

दादाचं डायलिसिस सुरू झाल्याचं कळलं, तो प्रभुभोजनाचा रविवार होता. मी उपासनेला न जाता नगरची एसटी धरली. "आलीस व्हय," एवढंच म्हणाला. मग पाऊस, मुकादमाची उचल, कोणाची बैलजोडी विकली, असं बोलत राहिला. निघताना मीच म्हटलं, "दादा, सही मी करणार नाही."

"माहितीय मला. च्या घे."

माफी त्याने मागितली नाही, मीही नाही. तरी मी याला समेटच म्हणते. पण त्याच्या थोरलीचं लग्न माझ्याविना झालं. आमची आत्या गेली, तेव्हा तिच्या अंत्यविधीला आम्ही दोन टोकांना उभे होतो. दादा हसताना खोकायचा, ते इतकी वर्षं मी ऐकलं नव्हतं. क्षमा केली म्हणून यातलं काही परत येत नाही, आणि व्यासपीठावरून हे कोणी सांगत नाही.

परवा भाचा आला होता. पिशवीत तोच कागद, नव्या स्टँपवर. त्याला जेवायला वाढलं, वहिनीसाठी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. सही केली नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा येतो म्हणाला. म्हटलं, ये.