सड्यावरचा निळा

फोटोग्राफर ज्याला ‘गोल्डन अवर’ म्हणून डोक्यावर घेतात, तो प्रकाश सरड्यांच्या बाबतीत अडचणीचाच जास्त. हे चाळकेवाडीच्या सड्यावर पोटावर पडून राहिल्याशिवाय कळत नाही.

साताऱ्याहून सज्जनगडाच्या कडेने ठोसेघर मागे टाकलं की हा सडा लागतो. जांभ्याचा उघडा कातळ, करपलेलं गवत आणि नजर जाईल तिकडे पवनचक्क्या. भाद्रपदात इथे फुलं बघायला माणसं येतात. एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात येतात ते आमच्यासारखे थोडे, सरड्यांसाठी. फॅन-थ्रोटेड लिझर्ड हे त्यांचं सर्रास वापरलं जाणारं नाव. पूर्वी असे सगळे सरडे एकाच जातीत कोंबलेले होते. 2016 साली सड्यावरच्या या सरड्याला सरडा सुपर्बा असं स्वतंत्र शास्त्रीय नाव मिळालं.

एरवी मातकट, ओंजळीत सहज मावेल एवढा हा प्राणी. विणीच्या हंगामात नर एखाद्या उंच दगडावर चढतो, छाती वर करतो आणि गळ्याखालची घडी फटकन उघडतो. त्या पंख्यात चमकदार निळा, काळा आणि पेटलेला नारिंगी असे तीन रंग. क्षणात पंखा मिटतो, नर दुसऱ्या दिशेला तोंड करतो, पुन्हा उघडतो. शेजारच्या दगडावर दुसरा नर असेल तर हे भांडण बराच वेळ चालतं. मादी खाली गवतात असते. तिला पंखा नाही, म्हणून तिचे फोटोही नाहीत. आमच्यापैकी बहुतेकांच्या हार्ड डिस्कमध्ये नरच नर भरलेत, ही काही अभिमानाची गोष्ट नाही.

भर दुपारी दगडाला हात लावता येत नाही, तेव्हा सरडेही सावलीला दडतात. चारनंतर परत बाहेर येतात आणि ऊन खऱ्या अर्थाने सोनेरी व्हायला लागलं की आवरतं घेतात. म्हणजे फोटोग्राफरला हवा असलेला प्रकाश आणि सरड्याची कामाची वेळ यांची गाठ पडते ती फार थोडा वेळ. तेवढ्यात सगळं जमवायचं. वाऱ्यासाठीच निवडलेली जागा असल्याने इथे ट्रायपॉडचा उपयोग नाही. मी तांदळाने भरलेली कापडी पिशवी जमिनीवर ठेवतो, त्यावर लेन्स आणि मागे मी आडवा. कॅमेरा सरड्याच्या डोळ्याच्या पातळीला आलाच पाहिजे. उभ्याने काढलेल्या फोटोत सरडा पायाखालचा किडा दिसतो. शटर एक हजारांश सेकंदाच्या आसपास, कारण पंखा त्याहून जास्त थांबत नाही असंच वाटतं. एक्स्पोजर थोडं कमी, नाहीतर नारिंगीतला तपशील जळून नुसता डाग उरतो.

त्यात पात्यांच्या सावल्या. सूर्य उतरला की पवनचक्कीची सावली सड्यावर लांबवर पसरते आणि फिरत्या पात्याची पुसट पट्टी ठरावीक तालात सरड्यावरून जाते. ऊन, मंद ऊन, ऊन. सरडा ढिम्म. डोक्यावरून सावली गेली की दडायचं, हे लहान प्राण्याच्या रक्तात असायला हवं. इथल्या नरांना तिचं काहीच वाटत नाही. आपण मात्र दोन सावल्यांच्या मधे बटण दाबायचं. वेळेचा अंदाज आला की हे काम गमतीचं होतं.

एकदा पवनचक्कीचे राखणदार काका बराच वेळ मागे उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, “आवो, सरड्याचं कसलं फोटू काढताय? वाघ न्हाई, बिबट्या न्हाई.” मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पंखा मोठा करून दाखवला. ते हसले. “मिरगापतूर या. पाऊस पडला की गळ्याचा रंग जातोय ह्येंच्या.” मग जाताना गाडी हळू घ्या, डांबरावर बसत्यात, असंही सांगून गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

आता निळ्याकडे येतो. नारिंगी हा रंगद्रव्याचा रंग. निळा तसा नाही. कातडीतल्या अतिसूक्ष्म स्फटिकांवरून प्रकाश परततो, त्यातून तो तयार होतो. त्याला परतवायला मुळात निळा प्रकाश हवा. सूर्य क्षितिजाला टेकायला आला की किरणांना हवेच्या जाड थरातून यावं लागतं आणि त्यातला निळा भाग वाटेतच विखुरतो. उरतो तो पिवळा-तांबडा. त्यामुळे संध्याकाळी नारिंगी भडकतो आणि निळा मंद, जांभळट दिसतो. ऊन सरड्याच्या मागून घेतलं तर फरक आणखी वाढतो. पातळ कातडीतून प्रकाश आरपार येऊन पंख्याची नारिंगी कड दिव्यासारखी उजळते, निळा जवळपास विझतो. असा फोटो देखणा असतो यात वाद नाही. पण सरड्याने दुसऱ्या नराला दाखवलेला पंखा तो नव्हे.

घरी संगणकावर बसल्यावर खरी परीक्षा. कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स संध्याकाळच पुसून टाकतं. सगळं दुपारसारखं पांढरं. डेलाइटवर ठेवलं तर निळा मेलेला. म्हणून मी सरडा निघून गेला की त्याच दगडावर, त्याच उन्हात राखाडी कार्ड ठेवून एक फोटो घेतो. रॉ फाइल उघडली की आधी त्या कार्डावरून रंगाचा तोल कुठे आहे ते बघायचं आणि मग मुद्दाम त्याच्या अलीकडे थांबायचं, म्हणजे संध्याकाळची ऊब थोडी राहते. सावल्या किंचित वर. डोळ्याला शार्पनिंग. मागच्या धूसर भागातला नॉइज कमी. सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका काढायला माझी हरकत नाही, सरड्यासमोर आलेली गवताची काडी मी काढत नाही. मागे पातं दिसत असेल तर तेही राहतं. चाळकेवाडीत पवनचक्की नसल्याचं नाटक कशाला?

आणि सॅच्युरेशनला हात लावत नाही. यामागे सोवळेपणा नाही, एक अभ्यास आहे. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी याच सड्यावर काम करून 2018 साली ते प्रसिद्ध केलं. पवनचक्क्या असलेल्या भागात कापशी घार, तिसा यांसारखे शिकारी पक्षी कमी आढळले. शिकारी कमी, म्हणून सरडे जास्त आणि निर्धास्त. त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरकही कमी. पण एकाच जागेत गर्दी झाल्याने ते अंगाने बारीक आणि नरांच्या गळ्याचे रंगही तुलनेने फिके. पात्याच्या सावलीखाली ढिम्म बसलेल्या माझ्या नराकडे तो अभ्यास वाचल्यावर मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो. एकट्या त्याच्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण फिकेपणा हीच इथली बातमी असेल, तर निळ्याची पट्टी उजवीकडे सरकवणं म्हणजे ती बातमी खोडणं.

हे सगळ्यांना पटत नाही. एका दिनदर्शिकेसाठी माझा फोटो निवडला गेला आणि निरोप आला, निळा जरा उठावदार करून पाठवा. मी नाही म्हटलं. छापून आला तेव्हा त्यांनी तो स्वतःच उठवला होता. गंमत अशी, की छपाईच्या चार शाईंमध्ये तसा चमकता निळा बसतच नाही. पट्टी जितकी ताणाल तितका तो जांभळ्याकडे घसरतो. भिंतीवर बारा महिन्यांपैकी एक महिना जांभळ्या गळ्याचा सरडा लटकला. लोकांना आवडला, हेही सांगायला हवं.

सजवलेल्या फोटोंबद्दल माझी तक्रार नाही; ते चित्र म्हणून बघावेत. मात्र तुम्ही उन्हाळ्यात सड्यावर गेलात आणि पंखा उघडलेला नर मिळाला, तर दोन गोष्टी करा. फोटो झाल्यावर राखाडी कार्डाचा एक फोटो त्याच दगडावर घ्या. आणि घरी कितीही सुंदर प्रत तयार झाली, तरी मूळ रॉ फाइल तारीख, वेळ आणि जागेच्या नोंदीसह जपून ठेवा. दहा वर्षांनी कुणाला इथल्या रंगांची तुलना करायची झाली, तर तिथूनच सुरुवात करता येईल.