कोष्टकाची वर्गणी

गेल्या हिवाळ्यांत चिरंजिवांच्या आग्रहास्तव आम्ही सहकुटुंब अमेरिकेंत मिसूरी राज्यांत चार महिने राहून आलों. शेजारीं आमच्याच वयाचे एक सेवानिवृत्त गृहस्थ राहत. मोटारखान्यांत बसून ते बंदुकीचीं झाडलेलीं काडतुसें पुन्हां भरीत. पितळी नळकांडें पूर्ववत् आकारास आणावयाचें, नवी टोपी बसवावयाची, दारू तोलून घालावयाची आणि वर गोळी दाबावयाची, असा हा उद्योग. आमच्या कुळास मृगया वर्ज्य. शिवाय आपल्या देशांत परवान्यावांचून काडतूस बनविणें हा अपराध. तथापि तराजू दिसला कीं मास्तराचें पाऊल अडखळतेंच! तेथील माप ग्रेनाचें. ७००० ग्रेनांचा एक पौंड. आपली गुंज दोन ग्रेनांस किंचित् कमी. अशा ग्रेनाच्या दशांशापर्यंत ते तोलीत.

एके दिवशीं त्यांनीं विचारिलें, "कोणत्या गोळीस कोणती दारू किमान किती व कमाल किती, याचीं कोष्टकें महाजालावर वर्गणी घेऊन देतात. दारू करणाऱ्या कंपन्या तींच फुकट देतात. मग वर्गणी भरावी काय?" फुकटाचें नांव निघतांच, शेजाऱ्याचें मासिक मागून नेऊन हळदीच्या डागांसह परत करणारे कांहीं वाचक आम्हांस आठवले, परंतु तें असो.

त्या वेळीं त्यांच्यापुढें मित्राकडून उतरून घेतलेली एक चिठ्ठी होती. तींत दारूचें नांव म्हणून नुसतें '४३५०' लिहिलेलें. फळीवर पाहतों तों त्याच आंकड्याचे दोन डबे. एक हॉजडनचा, दुसरा आय. एम. आर.चा. आम्हीं भाबडेपणानें विचारिलें, "यांतील कोणती?" गृहस्थांनीं तराजू बाजूस सारिला आणि बराच वेळ ते बोलले नाहींत. आंकडा एक असला तरी दोहोंचा जळण्याचा वेग एक नव्हे, आणि माप कमाल मर्यादेजवळचें असलें म्हणजे तेवढा फरकही नळीस व डोळ्यांस भोंवतो. आम्हीं आयुष्यभर पोथ्यांतील पाठभेद चाळले. लेखकूच्या हातून मात्रा गळली तर पंडितांचा वाद माजतो. येथें दशांशचिन्ह गळलें तर बंदूक फुटते!

आम्हीं आपलें मत स्पष्ट सांगितलें. ज्याची बंदूक एक आणि दारू एक, त्यानें त्या कंपनीचेंच कोष्टक घ्यावें. तिनें तें स्वतः दाब मोजून सिद्ध केलेलें असतें. फुकट म्हणून त्याचा अधिकार उणा नव्हे. वर्गणीचें कोष्टकही आम्हीं पाहिलें. अ‍ॅरिझोनांतील वुल्फ प्रकाशनाच्या कोष्टकांत १९६६ पासून निघणाऱ्या 'हँडलोडर' नियतकालिकांतील प्रयोग एकत्र केलेले आहेत. ज्यांचीं काडतुसें दुकानांत मिळेनाशीं झालीं अशा जुन्या बंदुका बाळगणारास, किंवा एका गोळीसाठीं दहा ग्रंथ पडताळणारास, तें खचित उपयोगी. मात्र पैसे मोजले म्हणून पहिल्याच दिवशीं कमाल माप भरावें असें नाहीं; खालून सुरुवात करून हळूहळू चढावें, हा नियम दोहोंकडे एकच.

त्यांची बंदूक एकच होती. वर्गणी त्यांनीं भरिली नाहीं. दुसरा डबा मात्र त्याच संध्याकाळीं वेगळ्या कपाटांत गेला, आणि चिठ्ठीचे त्यांनीं आमच्यादेखत चार तुकडे केले.