पाहुणीं अक्षरें

घरांत नवी वस्तु आणण्याचा उत्साह सर्वांनाच असतो. ती काढून टाकण्याची वेळ आली म्हणजे मात्र प्रत्येकाला दुसरें कांहीं तरी निकडीचें काम आठवतें. भांड्याकुंड्यांच्या बाबतींत ही गोष्ट आम्हां बायकांना जन्मभर ठाऊक आहे. अक्षरांच्या बाबतींतही असेंच घडतें, आणि तीं मागचापुढचा विचार न करतां टाकलीं तर गेलेलें माणूस पुन्हा एकदां जावें तसें होतें, हें मला अलीकडे आमच्या धाकट्या पुतण्याच्या संगणकापाशीं बसून कळलें.

हा पुतण्या चित्रफिती जुळविण्याचें काम करतो. कोणाकडे मुंज असो, लग्न असो, एकसष्टी असो. चित्रण करणारा दुसरा असतो, परंतु त्या शेंकडों तुकड्यांतून पाऊण तासाची सुसंगत हकीगत तयार करण्याचें काम ह्याच्याकडे येतें. अशा चित्रफितीला आरंभीं नांव लागतें, मध्यें स्थळकाळ सांगणाऱ्या पाट्या लागतात, आणि शेवटीं आप्तेष्टांची नामावली लागते. त्या नामावलींत एखाद्या मावसआत्याचें नांव राहिलें तर रुसवे दोन दोन वर्षें पुरतात. शिवाय प्रत्येक यजमानाला अक्षर निराळें हवें. मुंजीला पोथीच्या वळणाचें, लग्नाला नक्षीदार, बारशाला गुबगुबीत. एका वळणाच्या अक्षरांचा जो संच संगणकांत बसवावयाचा त्याला फाँट म्हणतात. तो बसविणें फार सोपें आहे. फाइलवर माउसची उजवी कळ दाबावी, 'इन्स्टॉल' ह्या शब्दाला स्पर्श करावा, कीं पाहुणा घरांत आला. असे आलेले पाहुणे पुतण्याकडे सहाशेंहून अधिक झाले होते. त्याचें जुळणीचें सॉफ्टवेअर उघडतांना ह्या सर्वांची हजेरी घेई. तेवढ्या वेळांत माझा चहा होऊन निवत असे. म्हणून 'काकू, आतां सगळे काढूनच टाकतो,' असें तो एके दिवशीं म्हणाला. त्यानें तसें केलें नाहीं, ह्याला कारण सासूबाईंची नव्वदी.

त्या निमित्तानें घरच्या घरीं एक चित्रफीत करावी, आणि २००८ सालीं मामंजींच्या सहस्रचंद्रदर्शनाची जी चित्रफीत झाली होती तिचा कांहीं भाग तींत घालावा, असें आम्हीं ठरविलें. मामंजी शाळेंत संस्कृत शिकवीत. त्या समारंभासाठीं त्यांनीं स्वतःच्या आयुष्यावर अकरा आर्या रचल्या होत्या, आणि एकेका छायाचित्राखालीं एकेक आर्या दिली होती. आर्यांची वही २०१९ च्या सप्टेंबरांत आंबिल ओढ्याला पूर आला त्या रात्रीं आमच्या तळमजल्यावरील कपाटांत होती. सकाळीं तिचा लगदा हातीं लागला. चित्रफितीची तबकडी होती, परंतु तिच्या पाठीवर डाग पडले होते आणि पांचव्या आर्येपाशीं ती जी अडे ती पुढें जाईचना. राहिली ती मूळ जुळणीची फाइल. भाऊजींनीं ती एका जुन्या डिस्कवर जपून ठेविली होती.

पुतण्यानें ती उघडली. छायाचित्रें आलीं, सनई वाजूं लागली, आणि आर्यांच्या जागीं भलतेंच कांहीं दिसूं लागलें. रोमन अक्षरें, मध्येंच स्वल्पविराम, माथ्यावर टोप्या घातलेले फ्रेंच स्वर! सॉफ्टवेअरनें वर एक सूचनाही दिली, कीं अमुक नांवाचा फाँट ह्या यंत्रावर नाहीं, त्याऐवजीं दुसरा लावला आहे. पुतण्यानें पांच-सहा उत्तम मराठी फाँट लावून पाहिले. तीं चिन्हें थोडीं जाड झालीं, थोडीं बारीक झालीं, परंतु मराठी कांहीं झालीं नाहींत. सासूबाई शेजारीं बसल्या होत्या. त्यांनीं चष्मा सारखा केला आणि त्या म्हणाल्या, 'हें ह्यांनीं लिहिलेलं नव्हे.'

हा प्रकार समजून घेण्यास मला माझ्या आजोबांचा उपयोग झाला. ते एका छापखान्यांत मुद्रितें तपाशीत. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याविषयीं आणि तेथील अक्षरांचे साचे कोरणाऱ्या राणोजी रावजी आरूंविषयीं ते ज्या आदरानें बोलत, तसे ते आमच्या नातलगांपैकीं कोणाविषयींही बोलल्याचें मला स्मरत नाहीं. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ कशी जुळवितो, फर्मा छापून झाला म्हणजे खिळे सोडून पुन्हा आपापल्या घरांत कसे टाकतात, हें त्यांनीं मला दाखविलें होतें. खिळे सुटले तरी छापलेला कागद राहतो. पूर्ण होऊन बाहेर पडलेली चित्रफीत ही त्या कागदासारखी आहे. तींतील अक्षर चित्रांतच विरघळून गेलेलें असतें, मागून फाँट काढला तरी त्याला धक्का लागत नाहीं. जुळणीची फाइल मात्र अद्याप न छापलेल्या मजकुरासारखी असते. तींत फाँट नसतो, फाँटचें केवळ नांव असतें. खिळे यंत्राच्या फडताळांत निराळे. आमच्याकडे सोळा वर्षांत यंत्र तीनदां बदललें. फाइल दर वेळीं नव्या घरीं गेली, खिळे जुन्याबरोबर मोडींत गेले.

इंग्रजीचें एवढ्यावर भागतें. तेथें फाँट गेला तर वळण जातें, मजकूर राहतो. मराठीचें दुखणें ह्याहून खोल होतें. जगांतील लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड ह्या संकेतांत देवनागरीला १९९१ सालींच, पहिल्या आवृत्तींत, जागा मिळाली होती. तेथें 'क' चा क्रमांक हा 'क' चाच, दुसऱ्या कोणाचा नव्हे. परंतु तो संकेत घरोघरीं रुळावयास पुष्कळ वर्षें लागलीं, आणि तोंवर मराठीचें टंकलेखन एका युक्तीवर चाले. संगणकाला रोमन अक्षरच दिलें जाई, आणि फाँटमध्यें त्या रोमन अक्षराच्या जागीं देवनागरी आकृति बसविलेली असे. ह्या कंपनीची बसवणूक एक, त्या कंपनीची दुसरी. म्हणजे संगणकाच्या दृष्टीनें मामंजींनीं आर्या लिहिल्याच नव्हत्या. त्यांनीं परदेशी चिन्हांच्या बावीस ओळी लिहिल्या होत्या, आणि त्यांतली मराठी सगळी त्या एका फाँटमध्यें होती. लोकांना त्या कंपन्यांचा राग येतो. मला येत नाहीं. ती युक्ति नसती तर त्या काळीं आमची पुष्कळशी मराठी संगणकावर उमटलीच नसती.

आतां तो फाँट शोधणें आलें. सूचनेंत त्याचें नांव होतें, तें एका फुलाचें होतें. आर्या त्या वेळीं आमच्या वन्संनीं टंकलेखित केल्या होत्या. त्यांना नाशिकला दूरध्वनि केला. त्यांचा तेव्हांचा संगणक माळ्यावर होता आणि, देवाची कृपा म्हणावयाची, चालू झाला. मराठी टंकलेखनाचा तो संच वन्संनीं त्या काळीं पैसे मोजून विकत घेतला होता, ह्याचा त्यांनीं दूरध्वनींत दोनदां उल्लेख केला. फाँटची फाइल शंभर किलोबाइटांचीही नव्हती. संध्याकाळीं ती आमच्याकडे पोंचली.

ती बसविली, तरी जुळणीच्या सॉफ्टवेअरांत फुलाचें नांव दिसेना. ही अडचण पुष्कळांना येते, म्हणून तिचा खुलासा येथें करतें. विंडोजमध्यें २०१८ पासून फाँट दोन रीतींनीं बसवितां येतो. नुसतें 'इन्स्टॉल' म्हटलें तर तो त्या एका वापरणाऱ्यापुरता, त्याच्या खासगी फोल्डरांत जातो. 'सर्व वापरणाऱ्यांसाठीं' असा पर्याय निवडला तरच तो यंत्राच्या मुख्य फडताळांत बसतो. कांहीं सॉफ्टवेअरें फक्त मुख्य फडताळांतच डोकावतात. शिवाय बरींच सॉफ्टवेअरें फाँटची हजेरी उघडतांना एकदांच घेतात, त्यामुळें मागून आलेला पाहुणा त्यांना दिसण्यासाठीं तीं बंद करून पुन्हा उघडावीं लागतात. पुतण्यानें दोन्ही गोष्टी केल्या.

छायाचित्रें आलीं, सनई वाजली, आणि त्या टोप्यांच्या जागीं मामंजींचीं अक्षरें उभीं राहिलीं. कोणी कांहीं बोललें नाहीं. सासूबाईंनीं पहिली आर्या मोठ्यानें वाचली, दुसरी मनांत वाचली, आणि तिसरीपाशीं त्या थांबल्या. 'हिच्या शेवटच्या चरणांत एक मात्रा अधिक आहे. मी तेव्हांच सांगितलं होतं. ह्यांनीं ऐकलं नाहीं.' पुतण्यानें विचारलें, 'आजी, आतां दुरुस्त करूं का?' त्या म्हणाल्या, 'नको. राहूं दे.'

त्या रात्रीं मीं अकराही आर्या युनिकोडांत पुन्हा उतरविल्या. जुना मजकूर आपोआप बदलून देणारीं साधनें आहेत; पुतण्यानें तीं वापरून पाहिलीं, परंतु तीं मला पुरेशीं विश्वासू वाटलीं नाहींत. जुन्या युक्तींत अक्षरें डोळ्यांना दिसतात त्या क्रमानें ठेवलेलीं असत, म्हणजे 'कि' मध्यें वेलांटी आधीं आणि क मागून. युनिकोडांत तीं उच्चाराच्या क्रमानें असतात. ह्या उलटापालटींत एखादा रफार शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. कऱ्हाड हें मामंजींच्या पहिल्या नोकरीचें गांव; तें साधनानें 'कर्हाड' करून टाकलें. ज्या गांवीं त्यांनीं पहिला पगार घेतला तें गांव नकाशावरून नाहींसें झालें असतें! तेथें साधा र चालत नाहीं, खालीं टिंब असलेला ऱ घालावा लागतो. आजोबांची मुद्रितें तपासण्याची संवय मला कोठून तरी लागली आहे, असें घरांत म्हणतात.

नवा फाँट कोणता लावावा ह्यावर दोन दिवस चर्चा झाली. जाऊबाईंना वेलबुट्टीचा हवा होता. कमल शेडग्यांनीं नाटकांच्या जाहिरातींना जीं अक्षरें काढलीं तशीं कांहीं मिळतील का, असें भाऊजींनीं विचारलें. त्यांना सांगावें लागलें कीं तीं एकेका नाटकासाठीं हातानें रेखलेलीं होतीं, फाइलींतून कशीं निघणार? मला प्राध्यापक र. कृ. जोशी ह्यांनीं विंडोजसाठीं रेखलेल्या 'मंगल' विषयीं जुनें ममत्व आहे, परंतु तो कचेरीच्या पत्राला शोभतो. अखेर मुंबईच्या एक टाइप ह्या संस्थेचा 'मुक्ता' घेतला. तो खुल्या परवान्याचा आहे. चित्रफितींत कोणीही वापरावा, विचारावें लागत नाहीं. पुष्कळ सुंदर फाँट 'खासगी उपयोगापुरते' विनामूल्य असतात, आणि पुतण्याचीं कामें पैसे घेऊन केलेलीं असल्यामुळें ते त्याला चालत नाहींत, हा मुद्दा त्याला मीं नव्हे, त्याच्या वकील मामांनीं पटवून दिला. मराठी वळणाचे ल आणि श आहेत कीं हिंदी वळणाचे, हेंही पाहावें. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं ह्या दोन अक्षरांचीं मराठी रूपें ठरवून दिलेलीं आहेत, आणि सासूबाईंच्या पिढीचा डोळा तेथें लगेच अडतो. कांहीं सॉफ्टवेअरांत दक्षिण आशियांतील लिप्यांसाठीं निराळी निवड करावी लागते. ती न केल्यास 'किती' मधील पहिली वेलांटी क च्या मागून येते आणि जोडाक्षरें पाय मोडून उभीं राहतात. त्या वेळीं दोष फाँटचा नसतो, आणि बिचारा काढून मात्र टाकला जातो.

मग काढण्याचें काम सुरू झालें. आधीं पुतण्यानें गेल्या पांच वर्षांतील प्रत्येक जुळणी उघडून तींत कोणते फाँट आहेत ह्याची यादी केली. यजमानांकडून बदल सांगून येण्याचा संभव जेथें उरलेला नाहीं, तेथें पाट्यांचीं पारदर्शक चित्रें करून ठेविलीं, म्हणजे खिळे गेले तरी छापलेली पाटी राहील. उरलेल्या जुळण्यांच्या फोल्डरांत त्यांचे त्यांचे फाँट घालून ठेविले. यंत्राबरोबर आलेल्या फाँटना त्यानें हात लावला नाहीं. त्यांच्यावर पडद्यावरचीं नांवेंच अवलंबून असतात. एक-दोन फाँट 'उपयोगांत आहे' असें सांगून निघेनात, कारण जुळणीचें सॉफ्टवेअर मागें उघडेंच होतें. तें बंद करतांच निघाले. हें सगळें तीन रविवार चाललें, आणि त्या तीन रविवारीं पुतण्या जेवावयास वेळेवर आला नाहीं.

फुलाच्या नांवाचा तो फाँट शेवटीं काढला. त्याची फाइल, जुनी जुळणी आणि मीं उतरविलेल्या आर्या एकाच फोल्डरांत आहेत. एक प्रत नाशिकला वन्संकडे आणि एक भाऊजींच्या डिस्कवर. कागदावरही छापून घेतल्या आहेत. ती प्रत वरच्या मजल्यावर आहे.

पुतण्याकडे आतां दीडशेंच्या आंत फाँट उरले आहेत. सॉफ्टवेअर चहा उकळण्यापूर्वींच उघडतें. जाऊबाईंनीं कालच भाचीच्या बारशासाठीं एका बाळसेदार अक्षराची फाइल पाठविली आहे. परवाना पाहून मग बसवितो, असें त्यानें त्यांना कळविलें आहे.