आधी बसवरच्या आंटी

बालसंरक्षणाचं प्रशिक्षण ठरलं की शाळा आधी शिक्षकांना बसवते, मग पर्यवेक्षकांना, आणि वेळ उरलाच तर बसवरच्या मदतनीस बायकांना. क्रम नेमका उलटा हवा, असं माझं मत आहे. दुबई-शारजातल्या भारतीय शाळांची मुलं या बायकांना आंटी म्हणतात. पहाटे इमारतीखाली मुलाला ताब्यात घेणारी आणि दुपारी पुन्हा तिथंच सोपवणारी तीच. घर जवळ आल्यावर एखाद्या मुलाची बडबड थांबते, ते शाळेत कुणाला दिसत नाही. तिला दिसतं.

अमिरातीत या विषयाला धार आली ती २०१२ साली. वदीमा नावाच्या आठ वर्षांच्या मुलीला दुबईत सख्ख्या बापाने आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या बाईने छळ करून मारलं. त्यानंतर आलेला २०१६चा बालहक्क कायदा लोक अजूनही तिच्याच नावाने ओळखतात. अठरा वर्षांखालच्या मुलाला धोका आहे असं वाटलं, तर शिक्षक, डॉक्टर, समाजकार्यकर्ते यांना ते कळवावंच लागतं. कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. आपल्याकडच्या पॉक्सो कायद्यातही कळवण्याची सक्ती आहे, पण ती लैंगिक अत्याचारापुरती. इथं मारहाण, हेळसांड, मानसिक छळ सगळंच आलं.

कायदा सांगायला अर्धा तास पुरतो. खरं काम पुढे असतं.

प्रशिक्षणात मी आंटींच्या जोड्या लावते. एकीच्या हातात चिठ्ठी : ‘मला आज घरी जायचं नाही.’ तिने मूल व्हायचं, दुसरीने आंटी. दुसरीचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला, ‘क्यों बेटा, पापा मारते हैं क्या?’ आवाजात माया असते, आणि घोटाळा तिथंच होतो. लहान मूल मोठ्यांना बरं वाटावं म्हणूनही मान डोलावतं. उद्या तपास अधिकारी विचारायला बसला की ही गोष्ट मुलाची की आंटीची, हे सांगणं कठीण होऊन बसतं. म्हणून ‘अच्छा, बताओ’ एवढंच म्हणायचं आणि गप्प राहायचं. हे गप्प राहणंच सगळ्यात जड जातं. मूल अडखळलं की आपण घास भरवावा तसं वाक्य भरवतो. ही सवय शिक्षकांना तर आंटींपेक्षा जास्त. दुसरी गोष्ट, ‘किसी को नहीं बताऊँगी’ असं वचन चुकूनही द्यायचं नाही. ते पाळता येणार नसतं.

मग लिहायचं. सरावात एकीने लिहिलं होतं, ‘मुलगी उदास होती, घरी काहीतरी गडबड आहे.’ आम्ही ते सगळ्यांनी मिळून पुन्हा लिहिलं : ‘सकाळी ६.५०. दप्तर एकाच खांद्यावर. सीटबेल्ट लावताना डावा हात वर केला नाही. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, माझ्याकडून दूध सांडलं. पुढे काही बोलली नाही.’ यात बाप नाही, मार नाही, निष्कर्ष नाही. तरी समुपदेशकाला काम सुरू करायला एवढं पुरतं. लिहिता येत नसेल तिने शाळेत उतरल्या उतरल्या समुपदेशकाला तोंडी सांगावं, आणि त्याने तिचेच शब्द टिपून घ्यावेत.

मी हे शिकले पुण्यात, कर्वे समाज सेवा संस्थेत. फील्डवर्कहून आलं की रेकॉर्डिंग लिहायचं आणि आयसीला, म्हणजे वैयक्तिक चर्चेला, मॅडमसमोर बसायचं. ‘घाबरलेला’, ‘आगाऊ’, ‘बिचारी’ अशा प्रत्येक विशेषणाखाली लाल रेघ : कशावरून? १९३६ साली क्लिफर्ड मॅनशार्ड यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नागपाड्यात समाजकार्याची शाळा उघडली, जी पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. तेव्हापासून आपल्याकडे हा पेशा वस्तीत जाऊनच शिकवला गेला. आपलं लिखाण कुणीतरी आठवड्यामागून आठवडे वाचतं, त्यातून नजर तयार होते. दोन तासांची कार्यशाळा, चहा-समोसा आणि प्रमाणपत्र यातून ती येत नाही. दुबईत सामाजिक व्यावसायिकांना सामुदायिक विकास प्राधिकरणाचा परवाना लागतो, हे चांगलंच आहे. आंटी मात्र त्या चौकटीत बसत नाही.

आणि एक प्रश्न स्लाइडवर नसतो, चहाच्या वेळी हळूच येतो. ‘मॅडम, मेरे बोलने से उनका वीज़ा गया तो?’ मुलांचा आणि आईचा व्हिसा बहुधा बापाच्या नोकरीवर. विचारणारीचा स्वतःचा बस कंपनीवर. इथं मी गोड बोलत नाही. त्या कुटुंबाला काहीच होणार नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही. एवढंच सांगते की ठरवणारी तू नाहीस. शंका पुरे, पुरावा शोधणं तुझं काम नाही, आणि शाळेत कुणी ऐकून घेतलं नाही तर गृहमंत्रालयाच्या बालसंरक्षण केंद्राचा ११६१११ हा नंबर आहे. काहीजणी तो तिथल्या तिथे मोबाइलमध्ये टाकतात. काही टाकत नाहीत, आणि मला त्यांचा राग येत नाही.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे : नवं शैक्षणिक वर्ष सुरू होताना पहिलं सत्र आंटींचं ठेवा, त्यांच्या भाषेत आणि कामाच्या वेळेत, दोन फेऱ्यांमधली विश्रांती त्यासाठी खाऊ नका. त्यांच्या नोंदी महिन्यातून एकदा कुणीतरी त्यांच्यासोबत बसून वाचाव्यात. आणि आखातातल्या मराठी पालकांनो, पुढच्या पालकसभेत गुणांबद्दल विचारून झालं की हेही विचारा : आमच्या बसवरच्या बाईला कुणी, केव्हा आणि काय शिकवलंय?