जे आधी होईल ते

‘किंवा’ या शब्दाचा अर्थ मला एका गॅरेजमध्ये, तेलाने काळ्या झालेल्या फरशीवर उभे राहून शिकावा लागला, हे कबूल करताना संकोच वाटतो. गेली अठरा वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. ‘किंवा’ हे विकल्पबोधक उभयान्वयी अव्यय आहे, हे माझे विद्यार्थी झोपेतही सांगतील. पण गाडीच्या पुस्तिकेत इंजिन ऑइल बदलण्याचा जो नियम दिला होता – १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते – त्यातले मी फक्त ‘एक वर्ष’ वाचले. जे सोयीचे होते ते घेतले आणि ‘जे आधी होईल ते’ सोडून दिले.

त्याला कारणही होते. पूर्वी माझे महाविद्यालय शहरातच, घरापासून चार किलोमीटरवर. वर्षभरात गाडी पाच हजारही धावत नसे. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत ऑइल बदलायचे, एवढेच मनात पक्के बसलेले. पुढे पाथर्डीला बदली झाली. नगर ते पाथर्डी पन्नासेक किलोमीटर, जाऊन-येऊन शंभर. आता दहा हजारांचा टप्पा पाच-सहा महिन्यांतच येणार, हे गणित तिसरीतल्या मुलालाही जमले असते. माझ्या मनातली दिवाळी मात्र जागची हलली नाही. आणि ती दिवाळी आली तेव्हा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, मग कसले तरी अहवाल होते. ‘हे सत्र संपले की’ असे म्हणता म्हणता दीड वर्ष गेले आणि त्याच ऑइलवर गाडी तीस हजार किलोमीटर धावली.

मी अगदीच बेफिकीर होतो असे मात्र नाही. अधूनमधून डिपस्टिक ओढून पाहत असे. पातळी खाली गेलेली दिसली की एक लिटरचा डबा आणून वरून ओतत असे. भर घातली म्हणजे काळजी घेतली, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

गेल्या हिवाळ्यात पाथर्डीहून परतताना तिसगावजवळ समोरच्या पट्टीवर एक तांबडा दिवा लुकलुकला. तेलाच्या झारीचे चित्र, तोटीपाशी एक थेंब. प्रतीकांवर तासच्या तास बोलणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला याहून सोपे प्रतीक कोण देणार? पण संध्याकाळी सातला नगरमध्ये एका पुस्तक प्रकाशनात मला बोलायचे होते. ‘घरी गेल्यावर पाहू’ म्हणून मी निघालो. करंजी घाटाच्या चढणीला इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली, मग ती वाढत गेली, आणि एका वळणाच्या अलीकडे सारे एकदम थांबले. किल्ली फिरवली तर इंजिन जागचे हलेना. ते पकडले होते. घाटात अंधार पडत होता आणि मी आयोजकांना फोनवर न येण्याचे कारण सांगत होतो. खरे कारण तेव्हाही सांगितले नाही.

इंजिन उतरवल्यावर मेकॅनिकने मला बोलावून घेतले. खालचे चेंबर उघडे होते आणि त्याच्या तळाशी काळा, दाट गाळ बसला होता. ‘सर, हे ऑइल नाही राहिलं, डांबर झालंय.’ मी वरून भर घालत होतो, असे मी म्हणालो. तो हसला नाही. ‘आंबलेल्या आमटीत ताजी ओतली तर सगळीच आंबती, सर.’

त्याने दाखवले ते मी मग समजून घेतले. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेते तेव्हा त्यातला क्रँक सेकंदाला पन्नास वेळा फिरतो. तो आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये केसाहूनही पातळ असा तेलाचा थर असतो आणि इंजिन चालू असताना धातूला धातू जवळपास लागतच नाही. तेल उष्णता वाहून नेते, काजळी आणि कचरा स्वतःत सामावून घेते. ते काळे पडते म्हणजे आपले काम करत असते. परंतु सामावून घेण्यालाही मर्यादा असते. ती संपली की गाळ साचतो, तेल ओढून घेणारी जाळी त्याने बुजते आणि वरच्या भागांना तेल पोचेनासे होते. तो तांबडा दिवा तेल जुने झाले म्हणून लागत नाही. तेलाचा दाब उरला नाही म्हणून लागतो. तो लागला की गाडी त्याच जागी बंद करायची असते. मी तिला पंधरा-वीस मिनिटे पळवली होती. बेअरिंगची वाट लागली होती, क्रँकवर चरे पडले होते. काही शे रुपयांच्या ऑइलची हयगय ४२,००० रुपयांना पडली.

अण्णांना फोनवर सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ‘तेल?’ मी हो म्हणालो.

अण्णांकडे लूना होती. १९७२ साली निघालेली ही गाडी आमच्या नगरच्याच कायनेटिक इंजिनिअरिंगची. त्यामुळे शिक्षक, कारकून, दूधवाले, सगळ्यांच्या दारात ती असे. तिचे इंजिन टू-स्ट्रोक; पेट्रोलमध्येच मापाने ऑइल मिसळायचे. अण्णा ते स्वतः टोपणाने मोजून ओतत आणि मग गाडी किंचित हलवीत. ऑइल विसरायची सोय त्या गाडीत नव्हती. दर वेळी टाकी भरताना ते आठवावेच लागे. माझ्या गाडीत ते इंजिनाच्या तळाशी, नजरेआड असते आणि महिनोन् महिने निमूटपणे सोसत राहते. जे निमूटपणे सोसते त्याची आठवण आपल्याला ते संपल्यावरच येते, हे मला फार उशिरा कळले.

गाडी गॅरेजमध्ये होती ते तीन आठवडे मी एसटीने गेलो. एकदा प्रवासात उद्याच्या तासाची टिपणे काढली. कागद पिवळे पडलेले, पहिल्या वर्षी लिहिलेले. समासात वेगवेगळ्या शाईने केलेली भर: एखादे नवे पुस्तक, एखादे नवे नाव. मूळ मजकूर अठरा वर्षांत एकदाही बदललेला नव्हता. मेकॅनिकची आमटी आठवली. त्या रात्री एका कवितेवरची टिपणे बाजूला ठेवली आणि कविता पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसलो. दुसऱ्या दिवशीचा तास काही फार रंगला नाही, मध्येच अडखळलो. पण मागच्या बाकावरच्या एका मुलीने प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर माझ्याकडे तयार नव्हते. असे बऱ्याच वर्षांत झाले नव्हते.

नव्याने बांधलेल्या इंजिनाचे पहिले ऑइल हजार किलोमीटरला बदलायचे असते. मेकॅनिकने काचेवर आकडा लिहून चिकटवला आहे. परवा पाहिले, तेव्हा ९४० झाले होते. शनिवारी तास आहेत, दुपारी सभाही आहे. सभेला उशीर होईल, असे कळवून ठेवले आहे. या वेळी कारणही खरे सांगितले.