सातबारा आणि ताबा

विंडोज 95 किंवा 98 चा जुना संगणक समोर आला, की त्यात विंडोज स्क्रिप्ट होस्ट, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा घटक, आहे का हे पाहण्याची रूढ पद्धत म्हणजे डब्ल्यूस्क्रिप्ट नावाची फाइल शोधणं. सापडली तर आहे, नाही तर नाही. हा निकष मला कच्चा वाटतो. सातबाऱ्यावर नाव असलं म्हणजे जमीन ताब्यात असतेच असं नाही, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. संगणकापुढे बसलं की मात्र आपण फाइलच्या नावावर समाधान मानतो.

हा घटक 1998 मध्ये विंडोज 98 सोबत आला. विंडोज 95 मध्ये तो मुळात नव्हता, पण इंटरनेट एक्सप्लोरर 5 बरोबर तिथेही पोचला. त्यामुळे विंडोज कोणतं, एवढं विचारून निकाल लागत नाही. त्यात मे 2000 मध्ये ‘लव्ह लेटर’ हा व्हीबीस्क्रिप्टमध्ये लिहिलेला विषाणू याच घटकाच्या पाठीवर बसून जगभर फिरला. धास्तावलेल्या लोकांनी मग कुणी घटकच काढला, कुणी रजिस्ट्रीतून बंद केला, कुणी व्हीबीएस फाइल नोटपॅडमध्ये उघडेल अशी जोडणी करून ठेवली. शेवटच्या दोन प्रकारांत फाइल जागच्या जागीच असते. तिसरा प्रकार तर गमतीचा: दोनदा क्लिक केलं तर नुसता मजकूर दिसतो, पण कमांडवरून सीस्क्रिप्टला, म्हणजे होस्टच्या कमांड-रूपाला, हाक मारली की तीच स्क्रिप्ट निमूट चालूही शकते.

म्हणून स्क्रिप्ट चालवूनच पाहावी. पण स्वतःच्या गैरहजेरीची साक्ष स्क्रिप्ट देऊ शकत नाही. तपासणारा तिच्या खालच्या थरातला, म्हणजे साधी बॅच फाइल, हवा. तिने सीस्क्रिप्टकरवी एका ओळीची स्क्रिप्ट चालवावी, उत्तर एका फाइलीत वळवावं आणि आपण ठरवलेला खुणेचा शब्द त्यात शोधावा. नुसती फाइल तयार झाली यावर भागत नाही. घटक नसला तरी रिकामी फाइल उरू शकते. खुणेसोबत आवृत्तीचा आकडाही छापून घ्यावा, कारण डब्ल्यूएसएफ प्रकारच्या स्क्रिप्ट-फाइली दुसऱ्या आवृत्तीपासूनच चालतात.

परक्या यंत्रावर काहीही चालवणं धोक्याचं, असा आक्षेप येईल. पण एक शब्द छापणारी ओळ काही बदलत नाही आणि तिची प्रत कुणालाही वाचून पाहता येते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: मालकाने घटक मुद्दाम बंद केला असेल तर? मग चाचणीने ‘चालत नाही’ एवढंच सांगून थांबावं. तो परस्पर चालू करणारा इन्स्टॉलर मला विषाणूच्याच गोत्रातला वाटतो.

हा प्रश्न जुन्या यंत्रांपुरता उरलेला नाही. विंडोज 11 च्या 2024 मधल्या आवृत्तीत व्हीबीस्क्रिप्ट हा वेगळा काढता येणारा घटक झाला. होस्ट जागेवर, भाषा गायब, असं आता तिथेही घडू शकतं. होस्टच्या दुसऱ्या भाषेतली, जेस्क्रिप्टमधली, चाचणी पास होईल आणि व्हीबीस्क्रिप्टमधली नापास. तेव्हा खुणेची ती ओळ ज्या भाषेत पुढचं काम करायचं, त्याच भाषेत लिहिलेली हवी.