बोटांचें बळ

शक्ति थोर कीं युक्ति थोर, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. तो एका हाताच्या चार बोटांत चाललेला पाहावयाचा असेल, तर बेस गिटार शिकणाऱ्या एखाद्या मुलाच्या डाव्या हाताकडे थोडा वेळ पाहत बसावें. प्रस्तुत लेखकास हा योग साठी उलटल्यावर आला. मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण, पाठशाळेंतील संस्कृत आणि जन्मभर केलेली मास्तरकी एवढीच आमची पुंजी. पाश्चात्त्य वाद्यांशीं संबंध येण्याचें कारण नव्हतें. परंतु आमचा नातू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत गेला आणि घरांत हें वाद्य आलें.

वाद्याबरोबर मतभेदही आले. तीन महिन्यांत मुलाच्या डाव्या मनगटांत कळा येऊं लागल्या. वाद्य माळ्यावर टाकावें असें सूनबाईंचें म्हणणें पडलें. आमच्या चिरंजीवांचें मत उलट: सोसल्याशिवाय कोणती विद्या आली आहे? नातवानें आपल्यापुरता तिसरा मार्ग काढला. बोटांत बळ यावें म्हणून त्यानें मुठींत दाबावयाची एक स्प्रिंग आणली, आणि वाचतांना, अंथरुणांत पडल्या पडल्या तो ती दाबीत असे. शेवटीं डॉक्टरांनीं तीन आठवडे वाद्य आणि स्प्रिंग दोन्ही बंद ठेवावयास सांगितलें. मतें तीन असलीं तरी तिघांची मूळ समजूत एकच होती, कीं ह्या वाद्यास बळ लागतें. ती कितपत खरी आहे हें पाहिल्याशिवाय कोणाच्याही बाजूनें बोलणें आम्हांस बरें वाटलें नाहीं. आणि पाहावयास तीन आठवडे हातीं होते.

समजूत अगदींच निराधार नाहीं. पूर्वीं वाद्यवृंदांतील खर्जाचें काम माणसाहून उंच, पडदे नसलेलें डबल बेस नांवाचें वाद्य करी. १९५१ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्नियामध्यें लिओ फेंडर ह्यांनीं गळ्यांत अडकवितां येणारी, पडदे असलेली प्रिसिजन बेस बाजारांत आणली, आणि पुढें हें वाद्य जगभर पसरलें. त्याची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ कंपनें देते. पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाहूनही हा स्वर खालचा. असा स्वर काढावयाचा तर तार लांब आणि जाड हवी. म्हणून तारेची बोलती लांबी ३४ इंच, आणि एकेका तारेचा ताण सुमारें १८ किलो. साध्या विजेच्या गिटारीच्या तारेवर ह्याच्या निम्माही ताण नसतो. दांडीवरील पहिलीं चार घरें मिळून सात इंच भरतात. चार बोटांनीं तीं राखावयाचीं म्हणजे हात ताणला जाणार हें उघड आहे.

पण बळ बोटांत असतेंच कोठें? बोट वांकविणारे मोठे स्नायू कोपराखालच्या हातांत असतात, कांहीं लहान स्नायू तळहातांत असतात. खुद्द बोटांत हाडें आणि स्नायूंची ओढ पोंचविणाऱ्या कंडरा, दोरीनें हालणाऱ्या बाहुलीसारख्या. त्यांतून बोटें उचलणाऱ्या कंडरा हाताच्या पाठीवर आडव्या बंधांनीं एकमेकींस जोडलेल्या असतात, आणि ह्या व्यवस्थेंत अनामिकेचें स्वातंत्र्य फारच थोडें. वाचकांनीं घरांतल्या मुलांना घेऊन एक प्रयोग करून पाहावा. तळहात मेजावर पालथा ठेवावा, मधलें बोट आंत दुमडून घ्यावें, आणि मग एकेक बोट उचलावें. अंगठा उचलेल, तर्जनी उचलेल, करंगळीही उचलेल. अनामिका मात्र जागची हालणार नाहीं. करंगळीवर कालिदासास मोजल्यावर पुढल्या बोटासाठीं त्याच्या तोडीचा कवि मिळेना, म्हणून तें बोट अनामिक राहिलें, अशी संस्कृतांत एक रसिक कल्पना आहे. बेस गिटारीवर तें बोट निराळ्याच अर्थानें अनामिक ठरतें. त्यास स्वतःचें असें वागणेंच नाहीं. मुठींत स्प्रिंग दाबली म्हणजे चारी बोटें एकदम मिटतात. वाजवितांना पाहिजे तें नेमकें उलट: एकानें दाबावें आणि तिघांनीं स्वस्थ राहावें. स्वातंत्र्य न वाढतां नुसतें बळ वाढलें, तर एक बोट दाबतांना बाकीचीं तीन अधिकच जोरानें आखडणार.

हा प्रकार आम्हीं शाळेंत वर्षानुवर्षें पाहिला आहे. पहिलीचें मूल पेन्सिल इतकी घट्ट धरतें कीं नखें पांढरीं पडतात, कागद फाटतो, आणि अक्षर मात्र कोंबडीच्या पायांसारखें. त्या मुलास "जोर लाव" असें कोणी मास्तर सांगत नाहीं. "पकड ढिली कर" असेंच सांगतो. तीन आठवडे संपल्यावर एका संध्याकाळीं आम्हीं नातवास म्हटलें, "तारेवर बोट नुसतें टेंकव आणि वाजव." ठक् असा मुका आवाज आला. "आतां तीळ तीळ जोर वाढव, आणि स्वर स्वच्छ झाला कीं तेथेंच थांब." चौथ्या-पांचव्या प्रयत्नास स्वर लागला आणि मुलगा आपल्या बोटाकडे पाहूं लागला. "आजोबा, एवढाच जोर लागतो?" खरोखर एवढाच लागतो. बोट पडद्याच्या अलीकडे, पण त्यास अगदीं लगटून ठेवलें तर थोडा जोर पुरतो. घराच्या मध्यावर ठेवलें तर तार फरफरते, आणि शिकणारा उगीच जोर वाढवीत बसतो.

त्यानंतर त्याच्या वाद्यशिक्षकांनीं घालून दिलेला क्रम आम्हांस फार शहाणपणाचा वाटला. आधीं वाद्यच तपासलें. तारा दांडीपासून नको इतक्या उंच होत्या, त्या कारागिराकडून खालीं आणविल्या. पट्टा आखूड केला, म्हणजे बसलें काय, उभें राहिलें काय, वाद्य एकाच जागीं राहतें आणि मनगट वांकत नाहीं. अंगठा दांडीच्या मागें, मधल्या बोटासमोर, नुसता आधारापुरता. सुरुवात पहिल्या घरापासून नव्हे, पांचव्यापासून. कारण घोडीकडे जातां जातां घरें अरुंद होतात, आणि पांचव्यापासून आठव्यापर्यंतचीं चार घरें साडेपांच इंचांत बसतात. तेथें तर्जनीपासून करंगळीपर्यंत क्रमानें एकेक स्वर, मेट्रोनोमच्या मिनिटास ६० ठोक्यांवर. पुढचें बोट टेंकलें तरी मागचें उचलावयाचें नाहीं. आणि उचललेलें बोट तारेपासून फार दूर जाऊं द्यावयाचें नाहीं. मग १-२-३-४ चे १-३-२-४, १-४-२-३ असे फेर. चार बोटांचे असे २४ क्रम होतात. घनपाठांत पदें उलटसुलट फिरवून म्हणतात हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ह्यांतील मर्म सांगावयास नको. दहा मिनिटें झालीं कीं हात सोडून विसावा. चारी स्वर सारखे वाजूं लागल्यावरच एक घर खालीं उतरावयाचें.

सर्वांत रुंद घरांसाठीं एक सवलत आहे, आणि ती आम्हांस विशेष आवडली. डबल बेसच्या शिक्षणांत फ्रान्झ सिमांडल (१८४०-१९१२) ह्यांच्या पाठपुस्तकांतील रीति आजही शिकवितात. तींत खालच्या घरांत अनामिका एकटी स्वर दाबीत नाहीं. करंगळी दाबते आणि अनामिका तिच्या शेजारीं राहून तिला आधार देते. चौथें घर लागलें तर बोटें न ताणतां सबंध हात सरकवावयाचा. बेस गिटार वाजविणारे पुष्कळ जण हीच रीति वापरतात. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस ही व्यवस्था ओळखीची वाटेल. दुबळ्याचें काम काढून घ्यावयाचें नाहीं, आणि त्यास एकटेंही सोडावयाचें नाहीं.

बळाच्या मागें लागून काय हातीं येतें, हेंही पाहण्यासारखें आहे. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान (१८१०-१८५६) तरुणपणीं पियानोवादक होण्यास निघाले होते. बोट सुधारावें म्हणून ते एक यंत्रही वापरीत. विशी ओलांडतांच त्यांच्या उजव्या हाताचें बोट कायमचें बिघडलें. यंत्रानेंच बिघडलें कीं अन्य कारणानें, ह्याविषयीं जाणत्यांत मतभेद आहेत. यंत्रानें तें सुधारलें नाहीं एवढें खरें. उलट जँगो राइनहार्ट ह्यांच्या डाव्या हाताचीं अनामिका व करंगळी १९२८ सालच्या आगींत जवळजवळ निकामी झालीं. तरी पॅरिसमध्यें १९३४ सालीं निघालेल्या आपल्या वाद्यवृंदांत मुख्यतः उरलेल्या दोन बोटांवर त्यांनीं गिटार गाजविली. आपले सतारियेही पडद्यांवर तर्जनी आणि मध्यमाच विशेष चालवितात.

दुखण्याविषयीं एक शब्द. बोटांचीं टोकें हुळहुळणें, त्यांस घट्टे पडणें साहजिक आहे. पण मनगटांत कळ, हाताला ठणका, बोटांस मुंग्या, ह्यांस तप म्हणूं नये. वाद्य खालीं ठेवावें, आणि विसाव्यानें दुखणें न गेल्यास डॉक्टरांस दाखवावें. आमच्या नातवास यंदाच्या स्नेहसंमेलनांत वाजविण्याची संधि सोडावी लागली. तें त्यास फार जड गेलें. दोन दिवस तो कोणाशीं धड बोलला नाहीं. परंतु मनगट आतां शांत आहे, आणि वाद्य माळ्यावर गेलेलें नाहीं. अनामिका अजून अडखळते. ती अडखळली कीं तो गति कमी करतो, जोर वाढवीत नाहीं.

योगसूत्रांत अभ्यास दृढ होण्यास तीन गोष्टी सांगितल्या आहेत: तो दीर्घकाल असावा, अखंड असावा आणि आदरानें केलेला असावा. त्या तिहींत बळाचें नांव नाहीं. आदर म्हणजे विद्येचा, तसाच ज्या हातानें ती साधावयाची त्या हाताचाही. आपल्या घरीं कोणी मूल असें वाद्य घेऊन बसलें असेल, तर "किती तास झाले?" हें विचारण्याआधीं "हात कसा आहे?" हें वडील मंडळींनीं अवश्य विचारावें.